मिरज पॅसेंजरचा डबा: दार, साखळी आणि खिडकी कशी ओळखावी, कशी वापरावी

कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराज टर्मिनसवरून सुटणारी मिरजेची पॅसेंजर गूळ मार्केट, वळिवडे, रुकडी, हातकणंगले, निमशिरगाव-तमदलगे आणि जयसिंगपूर अशी थांबत जाते. तिच्यात बसणारे बरेचसे लोक रोजचे किंवा नेहमीचे असतात: मिरजेच्या दवाखान्यांत निघालेले रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक, इचलकरंजीला जाण्यासाठी हातकणंगल्याला उतरणारे कामगार, जयसिंगपूरहून कोल्हापूरला कॉलेजला येणारी मुले. अशा प्रवाशाला गाडीची वेळ, कमी गर्दीचा डबा आणि सावलीची बाजू तोंडपाठ असते. परंतु ज्या डब्यात तो बसला आहे त्याची संकटकालीन खिडकी कोणती, असे विचारले तर त्याला मान वळवून शोधावे लागते. ही माहिती मिळवायला पाच मिनिटे पुरतात आणि गाडी सुटण्याआधी तेवढा वेळ बहुधा मिळतोच.

डब्याचा सांगाडा, बफर (डब्याच्या टोकाला असलेले धक्का झेलणारे भाग), ब्रेक आणि खिडक्यांचे गज ही सगळी व्यवस्था प्रवासी दाराच्या आत आहे असे गृहीत धरून केलेली असते. आत असलेल्या माणसाला डबा बऱ्यापैकी सांभाळतो. पायरीवर लोंबकळणाऱ्याला, चालत्या गाडीतून उतरणाऱ्याला किंवा घाबरून रुळावर उडी टाकणाऱ्याला तो काहीच मदत करू शकत नाही. म्हणून या लेखात दाराला सर्वांत जास्त जागा दिली आहे.

डबा कोणत्या बनावटीचा आहे

फलाटावर उभे असताना दोन डब्यांच्या मधल्या जागेकडे पाहावे. तेथे दोन्ही बाजूंना गोल तबकडीसारखे बफर आणि मधोमध आटे असलेली जाड साखळी-कडी दिसली, तर तो जुन्या, म्हणजे आयसीएफ बनावटीचा डबा समजावा. चेन्नईतील पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीत 1955 पासून स्विस आराखड्यावर हे डबे बनत आले आणि 2018 मध्ये या बनावटीचे उत्पादन थांबवण्यात आले. बाजूचे बफर नसून मधोमध एकच जाड कप्लिंग, म्हणजे डबे जोडणारी कडी, असेल, आणि दोन डब्यांची कप्लिंगे दोन हातांची बोटे एकमेकांत अडकवावीत तशी घट्ट बसलेली असतील, तर तो एलएचबी डबा होय. मूळ जर्मन कंपनीच्या नावावरून ओळखले जाणारे हे डबे भारतात 2000 साली आले आणि पुढे कपूरथळ्याच्या कारखान्यात बनू लागले. रंगावरून मात्र डब्याची बनावट ठरवू नये, कारण जुन्या डब्यांनाही नवे रंग दिले गेले आहेत.

हा फरक केवळ हौशी लोकांच्या कामाचा नाही. जुन्या कप्लिंगमध्ये जोराची धडक बसली की एक डबा शेजारच्या डब्यावर चढण्याचा धोका असतो, आणि रेल्वे अपघातांत जास्त जीव जातात ते अशा चढण्यामुळे आणि एका डब्यात दुसरा घुसल्यामुळे. एलएचबीचे कप्लिंग डब्यांना वर-खाली सुटू देत नाही, त्यामुळे गाडी घसरली तरी डबे बहुधा एका रांगेत राहतात. त्याचा सांगाडा स्टेनलेस स्टीलचा असतो आणि ब्रेक चाकाच्या कडेवर न लागता आसावर बसवलेल्या तबकडीवर लागतात. प्रवाशाला यांतले काही बदलता येत नाही हे खरे. पण डबा कोणताही असो, थांबताना मागचा-पुढचा हिसका बसेल हे धरून उभे राहता येते. ताठ उभे राहून दोन्ही हात मोबाइलमध्ये गुंतवणाऱ्याला हा हिसका हमखास समोरच्याच्या मांडीवर नेऊन बसवतो.

या मार्गावर डेमू, म्हणजे वेगळे इंजिन न जोडता डिझेलवर चालणाऱ्या, गाड्याही धावतात. अशा गाडीच्या प्रत्येक टोकाला चालकाची केबिन असते, त्यामुळे मिरजेला किंवा कोल्हापूरला इंजिन काढून दुसऱ्या बाजूला लावावे लागत नाही; डब्यांची दारे रुंद असतात आणि उभे राहणाऱ्यांसाठी वर दांडे व कड्या असतात. पुण्याला जाणारी वंदे भारत सप्टेंबर 2024 पासून कोल्हापूरहून सुटते. तिची दारे आपोआप बंद होतात, त्यामुळे तिच्याबद्दल पुढे वेगळे सांगितले आहे.

डब्याच्या बाजूवर रंगवलेल्या क्रमांकाचे पहिले दोन आकडे बनावटीचे वर्ष सांगतात. शेवटच्या तीन आकड्यांवरून प्रकार कळतो: 200 ते 399 शयनयान, 400 ते 599 साधा दुसरा वर्ग. याशिवाय डब्याच्या टोकाच्या भिंतीवर, म्हणजे शेजारच्या डब्याकडे तोंड असलेल्या बाजूला, कारखान्यातील मोठ्या दुरुस्तीची तारीख पी.ओ.एच. या अक्षरांपुढे रंगवलेली असते, आणि डबा पुन्हा कारखान्यात कधी गेला पाहिजे ती तारीख तिच्या जवळच आर.डी. या अक्षरांपुढे असते. धूळ नसेल तर फलाटावरूनही ती वाचता येते. ही दुसरी तारीख उलटून गेलेली दिसली तर घाबरून गाडी सोडण्याचे कारण नाही, कारण मधल्या काळात डेपोतही तपासणी होत असते. पण तक्रार करायची असेल तर ती ठोस माहितीच्या आधारे करता येते.

दार आणि पायरी

साध्या डब्याची जमीन रुळापासून सुमारे 1.3 मीटर उंच असते. उंच फलाट रुळापासून 760 ते 840 मिलिमीटर असतो. म्हणजे उंच फलाटावरूनही डब्यात जायला जवळजवळ अर्धा मीटर चढावे लागते, आणि लहान स्थानकावर फलाट खालच्या पातळीचा असेल तर ही चढण आणखी वाढते. लोखंडी पायऱ्या याच उंचीसाठी असतात. फलाटाची कड आणि पायरी यांच्यामध्ये जी फट राहते ती दिसायला लहान असते. पाय घसरला तर मात्र तिच्यात माणूस कमरेपर्यंत जाऊ शकतो.

चढताना आधी हात, मग पाय, हा क्रम कधीही मोडू नये. दाराच्या दोन्ही बाजूंना उभे दांडे असतात. एका हाताने दांडा पक्का धरल्याशिवाय पाय पायरीवर ठेवू नये. म्हणून चढण्याआधीच पिशवी खांद्याला अडकवून निदान एक हात मोकळा करावा. दोन जड पिशव्या असतील तर आधी वर चढलेल्या सोबत्याकडे त्या द्याव्यात आणि मग स्वतः चढावे. पावसाळ्यात पायरीचे लोखंड निसरडे होते आणि चामड्याच्या तळाची कोल्हापुरी चप्पल त्यावर टिकत नाही. आपल्या चपलेचा अभिमान बाळगावा, पण जुलै-ऑगस्टमध्ये रोज रेल्वेने जाणाऱ्याने रबरी तळाचे पादत्राण घालणे शहाणपणाचे आहे.

उतरताना फलाट उंच असेल तर गाडी पूर्ण थांबल्यावर तोंड गाडीच्या दिशेकडे ठेवून, जवळचा दांडा धरून उतरावे. फलाट खाली असेल, किंवा वयस्कर माणूस असेल, तर डब्याकडे तोंड करून, शिडी उतरावी तसे एकेक पायरी खाली यावे. हे पाहणाऱ्याला संथ वाटते आणि मागचे लोक कुरकुर करतात. त्यांना करू द्यावी. निमशिरगाव-तमदलगेसारख्या लहान स्थानकावर आपला डबा फलाटापुढे किंवा फलाटामागे थांबला असेल, तर अंधारात खाली जमीन किती खोल आहे याचा अंदाज येत नाही. अशा वेळी आतूनच पुढच्या डब्यात जाऊन फलाटासमोरच्या दारातून उतरावे. आतून वाट नसेल तरच दांडा धरून सावकाश खाली उतरावे. उडी मुळीच टाकू नये.

चालत्या गाडीत चढणाऱ्यांची एक समजूत असते की गाडी हळू आहे तोवर काही होत नाही. वास्तविक पाय पायरीवर पडतो त्या क्षणी शरीराचा वेग आणि गाडीचा वेग यांत फरक असतो, आणि हा फरक हाताच्या पकडीवर येतो. हात ओला किंवा तेलकट असेल, किंवा दांडा आधीच दुसऱ्याने धरलेला असेल, तर पकड सुटते आणि माणूस बाहेर न फेकला जाता आत, म्हणजे डबा व फलाट यांच्यामधल्या फटीकडे ओढला जातो. मिरज गाडी चुकली तर पुढच्या गाडीची वाट पाहावी लागते, एस.टी.चा पर्यायही असतो.

साध्या डब्याचे दार आत उघडते. ते मुद्दाम तसे केलेले असते, कारण बाहेर उघडणारे दार सिग्नलच्या खांबाला, पुलाच्या कठड्याला किंवा समोरून येणाऱ्या गाडीला लागू शकेल. आत उघडणाऱ्या दाराचा दोष एवढाच की गर्दी दाराला टेकून उभी राहिली तर ते उघडता येत नाही. म्हणून दारामागची जागा सामानाने भरू नये. उघडे ठेवलेले दार अडकवण्यासाठी भिंतीला कडी किंवा खिटी असते. ती लावलेली नसेल तर वाऱ्याने किंवा ब्रेक लागताच दार धाडकन आपटते. दाराच्या बिजागरीकडच्या फटीत लहान मुलांची बोटे जातात आणि ही इजा फार वाईट असते. मूल बरोबर असेल तर त्याला दाराजवळच्या जागेत खेळू देऊ नये, आणि संडासाकडे जाताना त्याचा हात दाराच्या कडेवर नाही ना हे पाहावे.

डेमूचे सरकते दार वेगळ्या रीतीने त्रास देते. ते भिंतीच्या आत सरकते आणि अडकवलेले नसेल तर ब्रेक लागल्यावर पुढे सरकून येते. चौकटीवर हात ठेवून उभा असलेला माणूस त्यात बोटे गमावू शकतो. हात चौकटीवर न ठेवता आतल्या दांड्यावर ठेवावा.

पायरीवर उभे राहून प्रवास करणे हा रेल्वे अधिनियम 1989 च्या कलम 156 नुसार गुन्हा आहे. कायद्यापेक्षा जास्त बोलके उदाहरण मुंबईचे आहे: 9 जून 2025 रोजी मुंब्र्याजवळ शेजारून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांत लोंबकळणारे प्रवासी खाली पडले आणि त्यांतील काहींचा मृत्यू झाला. त्यानंतर रेल्वेने साध्या लोकललाही आपोआप बंद होणारी दारे बसवण्याचे जाहीर केले. बंद दारांच्या डब्यात गर्दीला श्वास घ्यायला हवा कमी पडते, म्हणून त्या आराखड्यात दारांना झडपा, छतावर हवा आत घेणारी यंत्रे आणि एका डब्यातून दुसऱ्यात जायला वाट या तीन गोष्टी एकत्र सांगितल्या होत्या. दार बंद करणे सोपे आहे, त्याचे परिणाम सांभाळणे अवघड आहे, हे यावरून ध्यानात येईल. आपल्या मार्गावर मुंबईएवढी गर्दी नसते. तरीही सकाळच्या गाडीला दारात उभे राहणारी मुले दिसतातच, आणि तीही डब्यात उभे राहायला जागा असताना.

वंदे भारतमध्ये दारे बंद झाल्याशिवाय गाडी हलत नाही, आणि एकदा बंद झाली की ती प्रवाशाच्या विनंतीने उघडत नाहीत. पाहुण्यांना जागेवर बसवून, त्यांचे सामान वर ठेवून, शेवटचा निरोप घेत बसलेल्या माणसाला थेट मिरजेला उतरावे लागते. निरोप फलाटावरच घ्यावा. दाराजवळ आपत्कालीन दार उघडण्याची मूठ असते. ती गाडी पूर्ण थांबल्यावर आणि बाहेर पडणे खरोखर आवश्यक असेल तेव्हाच वापरायची असते.

जागेवर बसल्यावर

साध्या डब्याच्या खिडकीला गज असतात आणि आतून दोन पडदे असतात, एक पत्र्याचा व एक काचेचा. पडद्याच्या खालच्या कडेला दोन्ही टोकांना खटके असतात. दोन्ही खटके एकाच वेळी दाबून पडदा वर न्यावा आणि सोडल्यावर ते खाचेत बसल्याचा आवाज येतो की नाही हे ऐकावे. एकच खटका बसला असेल तर पडदा तिरका अडकतो आणि पुढच्या हिसक्याला खाली येतो, नेमका कोपर बाहेर काढून बसलेल्या माणसाच्या हातावर. कोपर बाहेर काढू नये हे सांगणे ओघाने आलेच.

जड सामान बाकाखाली आणि हलके वर ठेवावे. रात्रीच्या महालक्ष्मीने मुंबईला जाताना मधला बर्थ लावला, तर दोन्ही बाजूंच्या साखळ्या किंवा आकडे पूर्ण अडकले आहेत ना हे हाताने ओढून पाहावे, कारण तो सुटला तर खाली झोपलेल्याच्या अंगावर येतो. सायकली, दुधाच्या किटल्या किंवा बोचकी खिडकीच्या गजांना बाहेरून बांधणे हा प्रकार अजूनही कोठे कोठे दिसतो. बाहेर लटकलेली वस्तू सिग्नलच्या खांबाला लागून शेजारच्या दारातील माणसावर येऊ शकते.

साखळी

साखळी ओढल्यावर नेमके काय होते हे कळले, तर ती केव्हा ओढावी हेही कळते. गाडीच्या संपूर्ण लांबीतून एक ब्रेकची नळी जाते आणि तिच्यात प्रत्येक चौरस सेंटिमीटरला 5 किलो एवढ्या दाबाची हवा भरलेली असते. हा दाब आहे तोवर ब्रेक सुटलेले असतात. दाब कमी झाला की ब्रेक लागतात. रचना उलटी वाटते, पण तीच सुरक्षित आहे: कप्लिंग तुटून गाडीचे दोन भाग झाले तर नळीही तुटते, हवा निघून जाते आणि दोन्ही भाग आपोआप थांबतात. साखळी ओढल्यावर त्या डब्यातील एक झडप उघडते आणि हवा बाहेर जाऊ लागते. चालकाला दाब उतरल्याचे समजते आणि तो गाडी थांबवतो. गाडी थांबायला काहीशे मीटर लागतात, त्यामुळे साखळी ओढताच गाडी तेथेच थांबेल असे समजू नये. थांबल्यावर डब्याच्या बाहेरचा दिवा किंवा हवेचा फुसफुस आवाज यांवरून साखळी कोणत्या डब्यातून ओढली हे कर्मचारी शोधतात, झडप बंद करतात आणि मगच गाडी पुढे जाते.

साखळी ओढण्याची रास्त कारणे अशी: कोणी गाडीखाली किंवा दारातून बाहेर पडले, डब्यात आग लागली, कोणाचा जीव धोक्यात आहे आणि पुढच्या स्थानकापर्यंत थांबता येत नाही, किंवा लहान मूल फलाटावर राहिले. डबा विचित्र उडत असेल, चाकाखालून सतत आपटल्यासारखा आवाज येत असेल, तर तेही रास्त कारण आहे. नातेवाईक अजून तिकिटाच्या खिडकीवर आहेत हे रास्त कारण नव्हे. विनाकारण साखळी ओढणे रेल्वे अधिनियमाच्या कलम 141 खाली शिक्षेस पात्र आहे. एकेरी मार्गावर एक गाडी दहा मिनिटे थांबली की समोरून येणारी गाडी पुढच्या स्थानकात अडकून पडते, हा हिशेब वेगळाच.

एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. रुकडीजवळचा पंचगंगेचा पूल आणि जयसिंगपूर-मिरज दरम्यानचा कृष्णेचा पूल यांवर गाडी असताना, शक्य असेल तर, साखळी ओढू नये. पुलावर गाडी थांबली तर लोकांना उतरायला जागा नसते आणि मदत पोहोचायला वेळ लागतो. गाडी पुलापलीकडे जाऊ द्यावी आणि मग ओढावी. तोवरचा वेळ लोकांना आगीपासून दूर, शेजारच्या डब्यात नेण्यासाठी वापरावा.

वंदे भारतमध्ये साखळीऐवजी बटण आणि चालकाशी बोलण्याची सोय असते. बटण दाबल्यावर शांतपणे डब्याचा क्रमांक आणि काय घडले ते सांगावे. चालकाला परिस्थिती कळल्यावर गाडी कोठे थांबवायची हे तो ठरवू शकतो, आणि साखळीपेक्षा ही सोय सरस आहे ती यासाठीच.

धूर, आग आणि संकटकालीन खिडकी

जुन्या डब्यांत चाकांवर ब्रेकचे ठोकळे घासतात. एखाद्या डब्याचा ब्रेक पूर्ण सुटला नाही तर ठोकळा चाकावर घासत राहतो, चाक तापते, जळक्या वासाचा धूर खिडकीतून आत येतो आणि अंधारात ठिणग्याही दिसतात. हा धूर डब्याच्या खालून येतो आणि गाडी हळू झाली की त्याचा वास जास्त जाणवतो. अशा वेळी खिडक्या बंद कराव्यात, गार्डला कळवावे (आता त्यांचे अधिकृत पदनाम ट्रेन मॅनेजर आहे) आणि पुढच्या स्थानकावर कर्मचाऱ्यांना डबा दाखवावा. हा दोष दुर्लक्ष करण्यासारखा नसला, तरी त्यामुळे डब्यातून उडी मारण्याची गरज नसते. डब्याच्या आतून, विजेच्या पेटीतून, बाकाखालून किंवा संडासातून धूर येत असेल तर मात्र ती आग समजून लगेच हालचाल करावी.

आग लागली तर पहिले काम म्हणजे त्या डब्यातून शेजारच्या डब्यात जाणे. दोन डब्यांमधल्या वाटेत पायाखाली लोखंडी पत्रे एकमेकांवर सरकत असतात. त्यांवर थांबू नये आणि सामान घेऊन जाऊ नये. लोक पलीकडे गेल्यावर मधले दार बंद करावे. डब्यात अग्निशामक नळकांडे असेल तर त्याची पिन ओढून, नळी ज्वाळांच्या टोकाकडे न धरता मुळाशी धरावी आणि मूठ दाबावी. पावडर काही सेकंदांतच संपते, तेव्हा लांबून फवारत बसू नये.

संकटकालीन खिडकी साध्या डब्यात लाल रंगाने ओळखता येते. तिचे गज एका चौकटीत बसवलेले असतात आणि खटका किंवा मूठ सोडल्यावर ती चौकट उघडते. कशी, हे खिडकीजवळ लिहिलेले असते आणि डब्यागणिक थोडा फरक असतो, म्हणून ते वाचावे. वातानुकूलित डब्यात गज नसतात; काच फोडण्यासाठी लहान हातोडा खिडकीशेजारी ठेवलेला असतो. काचेच्या मधोमध मारू नये, कारण तेथे ती लवते, कोपऱ्याजवळ मारावे. बाहेर पडताना कडेला राहिलेल्या काचेवर सतरंजी किंवा जाड चादर टाकावी. संकटकालीन खिडकीसमोर पोती किंवा ट्रंक रचलेली दिसली तर हलवायला सांगायला संकोचू नये.

गॅसची टाकी, रॉकेल, पेट्रोल किंवा फटाके डब्यात आणू नयेत. मदुराईजवळ 26 ऑगस्ट 2023 रोजी उभ्या असलेल्या पर्यटकांच्या डब्यात आग लागून नऊ जणांचा मृत्यू झाला, आणि त्यामागे डब्यात लपवून आणलेली गॅसची टाकी होती. यात्रेला जाताना वाटेत चहा करण्यासाठी लहान शेगडी बरोबर घेणारे लोक आपल्याकडेही आहेत.

रुळावर उतरावे लागले तर

जळगाव जिल्ह्यात पाचोऱ्याजवळ 22 जानेवारी 2025 रोजी पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आग लागल्याची आवई उठली, साखळी ओढून गाडी थांबली आणि घाबरलेले प्रवासी शेजारच्या रुळावर उतरले. समोरून आलेल्या कर्नाटक एक्स्प्रेसखाली डझनभर लोक मेले. ज्या डब्यातून ते उतरले तो जागच्या जागी उभा होता. म्हणून रुळावर उतरण्याची पाळी आली तर आधी दोन्ही दारांतून बाहेर पाहावे आणि जिकडे दुसरा रूळ नाही त्या बाजूनेच उतरावे. कोल्हापूर-मिरज मार्ग एकेरी असला तरी स्थानकात शेजारी दुसरे रूळ असतात, आणि मिरजेपुढे पुण्याकडे तर दुहेरी मार्ग आहे. एकेरी मार्गाची सवय तेथे घातक ठरते. उतरल्यावर गाडीच्या कडेने न चालता रुळाच्या उतारापलीकडे जावे आणि मुले व म्हातारी माणसे मोजून घ्यावीत.

मार्गाचे विद्युतीकरण झाल्यापासून वर 25 हजार व्होल्टची तार आहे. ती रुळापासून सुमारे साडेपाच मीटरवर असते, आणि तिला स्पर्श न करता नुसते जवळ गेले तरी विजेचा झटका बसू शकतो. दोन मीटरच्या आत काहीही नेऊ नये. छतावर चढण्याचा प्रश्नच येत नाही. जोतिबाच्या चैत्र यात्रेच्या काळात सासनकाठी किंवा उंच झेंडा घेऊन कोणी फलाटावर आले तर ती काठी आडवी धरूनच न्यावी, पादचारी पुलावर तर नक्कीच. तुटून लोंबकळणारी तार किंवा तिला टेकलेला डबा दिसला तर लांब उभे राहावे आणि इतरांनाही लांब ठेवावे.

मदतीसाठी 139 हा रेल्वेचा क्रमांक लावावा. गाडीचा क्रमांक, डब्याचा क्रमांक आणि कोणत्या दोन स्थानकांच्या मध्ये आहोत हे आधी सांगावे, मग काय घडले ते. बाहेर अंधार असेल आणि जागा ओळखू येत नसेल, तर तारेच्या खांबावरची पाटी वाचावी: तीवर वरचा आकडा किलोमीटरचा आणि खालचा त्या किलोमीटरमधल्या खांबाचा असतो, आणि हे दोन आकडे ऐकले की नियंत्रण कक्षाला तुमचा डबा नेमका कोठे उभा आहे हे कळते.